दिलसुखनगरचा रिझनिंग क्लास आणि इंटर नापास कुरुंदकर गुरुजी

सप्टेंबरात भाच्याला भेटायला हैदराबादला गेलो होतो. देगलूरहून रात्रीची बस धरली की पहाटे इमलीबन. तिथून मेट्रो. मलकपेट, न्यू मार्केट, मूसारामबाग आणि मग दिलसुखनगर. स्टेशनचा जिना उतरलं की डोळ्यांसमोर नुसत्या पाट्या. बँक, रेल्वे, एसएससी, ग्रुप टू, पोलीस भरती, कॉम्प्युटरचे कोर्स. खाली टिफिन सेंटर आणि झेरॉक्स, वर क्लास, मागच्या गल्लीत हॉस्टेल. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, औराद, बीदर इकडच्या घरांतली पोरं इथं एका खोलीत तिघं-चौघं राहून सरकारी नोकरीची वाट बघतात. आपल्यापैकी अनेकांना हे सांगायची गरज नाही, दर महिन्याला पैसे पाठवणारे आपणच आहोत.

भाचा दोन वर्षांपासून बँकेच्या परीक्षा देतोय. दोन वेळा थोडक्यात हुकलं. त्याच्या खाटेवर रिझनिंगचं जाडजूड पुस्तक पडलेलं होतं. मी सहज उघडलं. दोन विधानं दिलेली असतात, खाली दोन निष्कर्ष. कोणता निष्कर्ष खरोखर निघतो आणि कोणता नुसता निघाल्यासारखा वाटतो, ते ओळखायचं. त्यानं मला एक युक्ती सांगितली. बाहेरचं ज्ञान आत आणायचं नाही, जेवढं लिहिलंय तेवढंच बघायचं. पोरगा पटापट सोडवत होता. मला कौतुक वाटलं.

संध्याकाळी मेसमध्ये जेवायला बसलो तर त्याचा फोन वाजला. आमच्याच पाव्हण्यारावळ्यांच्या ग्रुपवर १७ सप्टेंबरचा एक मजकूर फिरत होता. दहा-बारा ओळींत सगळ्या हैदराबाद संस्थानाचा इतिहास. एक अख्खी जमात गद्दार, एकच पुढारी तारणहार, बाकी सगळ्यांनी इतिहास दडवला, वगैरे. भाच्यानं वाचला आणि तिथल्या तिथं पुढं ढकलला. मी विचारलं, यातलं घडलेलं कोणतं आणि कुणाचं मत कोणतं? तो म्हणाला, मामा, हे रिझनिंग नाही, हा इतिहास आहे.

त्याचं उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. कारण ह्याच हैदराबादेत, ह्याच वयाचा, आपल्याकडचाच एक भाचा मामाच्या घरी शिकायला आला होता. त्याच्या डोक्यात या दोन विषयांमधे भिंत नव्हती. त्याचं नाव नरहर अंबादास कुरुंदकर.

नव्या पोरांना नाव माहीत असतं, पण बहुतेकांना ते पाटीवरचं किंवा व्याख्यानमालेच्या बॅनरवरचं नाव म्हणून. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२चा, नांदापूरचा. कळमनुरी तालुका, तेव्हा जिल्हा परभणी, आता हिंगोली. आडनाव वसमतजवळच्या कुरुंद्यावरून आलेलं. नांदापूर हे आजोळ. मामा डॉ. नारायणराव नांदापूरकर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा त्यांचा दांडगा अभ्यास. शाळा वसमतला झाली आणि पोरगा पुढच्या शिक्षणाला मामांकडे हैदराबादेत आला, सिटी कॉलेजात. मुसीच्या काठावर, हायकोर्टाजवळची ती इमारत आजही उभी आहे. इमलीबनला उतरणाऱ्या आपल्या पोरांपासून ती फार लांब नाही.

तेव्हाचं हैदराबाद कसं होतं ते थोडं डोळ्यांपुढं आणा. राज्य निजामाचं. शाळेच्या वरच्या वर्गांत आणि विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू. रयत तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी. स्टेट काँग्रेस, आर्य समाज, कम्युनिस्ट, इत्तेहादुल मुसलमीन, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. कोणती बातमी खरी आणि कोणती अफवा, हे कळण्यावर माणसाचा जीव अवलंबून असायचा. कुरुंदकर त्या वेळी शाळकरी वयाचे. मुक्तिसंग्रामात त्यांनी भाग घेतला. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा वय सोळा. आमच्या भाच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान.

मामांचं घर म्हणजे पुस्तकांचं घर. येणारे-जाणारे लेखक, प्राध्यापक, चळवळीतले लोक. पोरगा वाचत सुटला. संस्कृत काव्यशास्त्र, मार्क्स, गांधी, इतिहास, तत्त्वज्ञान, हाताला लागेल ते. फक्त अभ्यासक्रमाची पुस्तकं सोडून. परिणाम ठरलेला. इंटरला नापास. पुन्हा नापास. एकदा-दोनदा नाही, बरेचदा.

इथं माझी एक फजिती सांगायला हरकत नाही. त्या रात्री भाच्याला धीर द्यावा म्हणून मी हीच गोष्ट सांगितली. म्हणलं, बघ, कुरुंदकर इंटरला किती वेळा नापास झाले, आणि पुढं प्राचार्य झाले. पोरगा हसला. म्हणाला, मामा, इंटर नापास झालेले पण प्राचार्य न झालेले किती, ते सांगा. एका उदाहरणावरून नियम निघत नाही, आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलंय. मी गप्प. पण त्याचं उलटही तेवढंच खरं. नापास झाला म्हणून पोरगा मठ्ठ, हा निष्कर्षसुद्धा निघत नाही. आपल्याकडं घरोघरी मात्र तो निघतो. निकालाच्या दिवशी तर शेजारीपाजारीही काढतात.

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण सगळीकडं लावतो. भाताला ती बरोबर लागते, कारण सगळं भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतं. माणसं तशी शिजत नाहीत. चार माणसं बघून जात ओळखली, दोन माणसं बघून धर्म ओळखला, एक परीक्षा बघून पोरगं ओळखलं, हे सगळं त्यातच आलं.

तर, कुरुंदकर १९५५ला नांदेडला आले आणि प्रतिभा निकेतन हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. नांदेडची जुनी माणसं त्यांना गुरुजी म्हणतात ते तिथून. पदवी हातात नव्हती, पण साहित्यातले जाणकार त्यांचे लेख शोधून वाचायचे. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाच्या कलाविचारावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. पदव्या मागाहून, सवडीनं घेतल्या. १९६३ला पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं उभं राहिलेलं हे कॉलेज. १९७७ला तिथलेच प्राचार्य. मधल्या काळात रूपवेध, मागोवा, जागर, शिवरात्र, धार आणि काठ, पायवाट अशी पुस्तकं येत गेली. राष्ट्र सेवा दलाचं काम, आणीबाणीला विरोध, आणि सतत प्रवास. एसटीनं, रेल्वेनं, गावोगाव व्याख्यानं.

व्याख्यानाची त्यांची एक खोड सगळे सांगतात. ज्या मताला खोडून काढायचं, ते मत ते आधी स्वतः मांडायचे. आणि असं मांडायचे की त्या मताच्या माणसालाही तेवढं चांगलं मांडता आलं नसतं. अर्धा तास श्रोत्यांना वाटायचं, गुरुजी तर ह्यांच्याच बाजूचे निघाले. मग एकेक विट काढायला सुरुवात. नव्या माणसाला ही वक्तृत्वाची करामत वाटेल. पण आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांची पद्धत हीच आहे, आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. समोरच्याचं म्हणणं नीट न मांडता खोडणारा पंडित तिथं पंडित धरला जात नव्हता. कुरुंदकर रूढ अर्थानं धार्मिक नव्हते, स्वतःला नास्तिक म्हणवायचे, पण संस्कृत ग्रंथांत मुरलेले होते. भरताच्या नाट्यशास्त्रावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, महाभारतावर लिहिलं. न पटणाऱ्या गोष्टीवर प्रेम करता येतं आणि प्रेम असलेल्या गोष्टीला प्रश्न विचारता येतो, हे त्यांच्याकडं बघून कळतं.

आता त्यांची विचार करायची रीत. ही मी माझ्या शब्दांत सांगतोय. कुठलंही विधान समोर आलं की तीन टोपल्या करायच्या. घडलं काय, ते पहिल्या टोपलीत. त्यावरून आपण अंदाज काय काढला, ते दुसरीत. आणि आपल्याला काय घडलेलं आवडलं असतं, ते तिसरीत. सगळा घोळ होतो तो तिसरीतला माल पहिल्या टोपलीत टाकल्यामुळं. दुसऱ्याच्या बाबतीत हे आपल्याला लगेच दिसतं. स्वतःच्या बाबतीत दिसत नाही. कुरुंदकरांचं मोठेपण मला वाटतं ते इथं आहे, की त्यांनी ही तपासणी स्वतःच्या आवडत्या माणसांवर आधी केली.

सगळ्यात ठळक उदाहरण शिवाजी महाराजांचं. रणजित देसाई श्रीमान योगी लिहीत होते. कुरुंदकरांनी त्यांना महाराजांच्या चरित्राबद्दल एक लांबलचक पत्र लिहिलं. तेच पुढं कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापलं गेलं. आज कित्येक जण कादंबरीइतक्याच आवडीनं ती प्रस्तावना वाचतात. महाराजांबद्दल महाराष्ट्रात प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे सांगायला नको. कुरुंदकरांनी प्रश्न विचारले, आणि महाराज त्यातून लहान झाले नाहीत, मोठे झाले.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. अफजलखान, शाहिस्तेखान, आग्रा, हे प्रसंग आपल्याला पाठ आहेत. थरार आहे, म्हणून लक्षात राहतात. पण नुसतं शौर्य आणि धाडस हेच मोठेपणाचं कारण धरलं, तर हिंदुस्थानात लढाया जिंकणारे, किल्ले घेणारे, मोठ्या मुलखावर राज्य करणारे दुसरेही पुष्कळ होऊन गेले. मग ह्याच माणसाचं वेगळेपण कशात? उत्तर शोधायला ते महाराजांच्या मृत्यूनंतरच्या काळाकडं जातात. १६८०ला महाराज गेले. त्यानंतर औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला. १६८९ला संभाजी महाराज मारले गेले. राजाराम महाराज जिंजीला, १७००मध्ये तेही गेले. खजिना रिकामा, राजधानी गेलेली. तरी १७०७ला औरंगजेब मरेपर्यंत मराठ्यांचं राज्य त्याला संपवता आलं नाही.

आता ह्याच्याशेजारी गोवळकोंडा ठेवा. दिलसुखनगरहून तासाभराच्या अंतरावर आहे, भाच्यानं रविवारी दाखवलाही. कुतुबशाहीची संपत्ती जगात गाजलेली, किल्ला बुलंद. १६८७ला किल्ला पडला, सुलतान कैद झाला आणि राज्य संपलं. त्याआधी एक वर्ष, १६८६ला, विजापूरचंही तेच. राजा पडला की राज्य पडायचं, हा त्या काळाचा नियम. मराठ्यांकडं राजा पडला आणि राज्य पडलं नाही. म्हणजे हे राज्य आपलं आहे, असं सामान्य माणसाला वाटायला लागलेलं असलं पाहिजे. ते का वाटलं, ह्याचं उत्तर मग तलवारीत सापडत नाही. ते महसुलाच्या व्यवस्थेत, वतनदारांना लावलेल्या लगामात, रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नये ह्या शिस्तीत शोधावं लागतं.

यात रीत काय दिसते बघा. आधी प्रश्न नीट केला. मग ज्या गोष्टीबद्दल कुणाचंच दुमत नाही अशा सनावळ्या घेतल्या. मग तुलना. मग अनुमान. आणि अनुमान हे अनुमान आहे, हे सांगून. तुम्हाला ते पटलं नाही तरी भांडायला जागा आहे, कारण पायऱ्या उघड्या ठेवलेल्या आहेत. फॉरवर्डमध्ये पायऱ्या नसतात, थेट गच्चीच असते.

मनुस्मृतीवरही त्यांनी व्याख्यानं दिली, त्याचं पुस्तक झालं. समर्थक काय करतात, स्त्रियांचा मान राखा असं सांगणारा एक श्लोक पुढं करतात आणि विषय मिटवतात. एक सोयीचा श्लोक उचलायचा, गैरसोयीचे शंभर झाकून ठेवायचे. कुरुंदकर ग्रंथाच्या विरोधात होते, पण त्यांनी पूर्ण ग्रंथ हातात घेतला. कोणत्या वर्णाला काय शिक्षा, बाईला मालमत्तेचा हक्क किती, ही सगळी रचना बघायची आणि मग बोलायचं. विरोध करायचा तरी वाचून करायचा, हा हट्ट. आपल्याकडं पुस्तक न वाचता त्याच्या बाजूनं बोलणारे आणि न वाचता विरोधात बोलणारे, दोघंही सारखेच मिळतात.

आता पुन्हा त्या मेसमधल्या मजकुराकडं येतो. कारण हैदराबाद संस्थानावरही कुरुंदकरांनी लिहिलंय. पुस्तकाचं नाव हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन. नावातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मी समजतो. निजामाच्या राजवटीतून सुटका ही एक, १९४८ची. आणि १९५६च्या भाषावार प्रांतरचनेत ते राज्यच मोडून तेलुगू, मराठी, कानडी भाग तिघांकडं गेले, ही दुसरी. आपण बोलताना दोन्ही एकात मिसळतो.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामानं माघार घेतल्याचं जाहीर केलं. १८ला त्याचे सेनापती एल इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढं रीतसर शरणागती पत्करली. ही पहिली टोपली. आता त्या एकाच दिवसाची नावं बघा. आपल्याकडं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. बीदर-कलबुर्गीला कल्याण कर्नाटक उत्सव. हैदराबादेत केंद्र सरकारचा हैदराबाद मुक्ती दिन. त्याच शहरात तेलंगणाचं आधीचं सरकार राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणायचं, आत्ताचं प्रजा पालन दिन म्हणतं. दिवस एक, तारीख एक, मैदानं शेजारीशेजारी. नाव बदललं की अर्थ बदलतो, आणि नाव ठेवणं हे मत आहे. मत असायला हरकत नाही. मीही मुक्तिसंग्रामच म्हणतो, कारण आमच्या घरात तोच शब्द ऐकत वाढलो. पण ते माझं म्हणणं आहे, एवढं तरी ठाऊक पाहिजे.

त्या मजकुरात एका जमातीला सरसकट गद्दार म्हटलं होतं. रझाकारांनी अत्याचार केले, हे खरं आहे. आपल्या तालुक्यांनी ते सोसलेत, अर्जापूरला हुतात्मा गोविंदराव पानसरेंचं नाव आजही घेतलं जातं. पण इमरोज या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान कोण होता? संस्थानानं भारतात सामील व्हावं असं लिहितो म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्याला ठार केलं. मारणारे रझाकार, मरणारा मुसलमान. एक शोएबुल्ला खान सापडला की सरसकट शब्द पडतो. रिझनिंगच्या पुस्तकात हेच शिकवतात. सर्व म्हणणारं विधान पाडायला एकच उदाहरण पुरतं.

आणि दुसरी बाजूही त्याच हिशेबानं. फौजा आल्यानंतरच्या दिवसांत काय झालं, याची चौकशी करायला केंद्रानं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिच्या अहवालात सगळ्यात जास्त झळ बसलेले म्हणून चार जिल्हे सांगितलेत. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपला नांदेड. संस्थानभर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा समितीचा अंदाज. मेलेले बहुतेक मुसलमान. अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही. २७ ते ४० हजार हा अंदाज आहे, मोजदाद नाही, हेही लक्षात ठेवायचं. पण आकडा नक्की नाही म्हणून घटना खोटी ठरत नाही. एका ग्रुपवर रझाकारांचा अर्धा इतिहास फिरतो, दुसऱ्या ग्रुपवर सुंदरलाल अहवालाचा अर्धा. दोन्ही अर्धे खरे असतात, म्हणून तर पटतात. सीमाभागात ह्या दोन अर्ध्यांमुळं गावंच्या गावं एकमेकांकडं संशयानं बघतात, आणि निवडणूक आली की त्याची किंमत कळते.

कुरुंदकरांचं सगळंच बरोबर, असं म्हणायला बसलो तर मीच त्यांच्या रीतीविरुद्ध जाईन. मुस्लिम राजकारणावर त्यांनी बरंच लिहिलं. हमीद दलवाईंशी त्यांचे विचार जुळायचे. त्या लिखाणावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. मलाही काही ठिकाणी वाटतं, की तिथं पुढाऱ्यांबद्दलचं विधान हळूच समाजाबद्दलचं होऊन जातं. हे माझं मत. दुसरे वाचणारे म्हणतील, त्यांनी हिंदुत्ववाद्यांवरही तेवढ्याच कडक शब्दांत लिहिलंय, ते मोजा. ते म्हणणंही चूक नाही. शिवरात्र हातात घेतली तर दोन्हीकडचे लोक आळीपाळीनं नाराज होतात. एका पानावर टाळ्या वाजवणारा पुढच्या लेखात गप्प होतो. गंमत म्हणजे आज त्यांचं नाव घेणारे बरेच जण आपल्याला सोयीचा लेख तेवढा वाचून दाखवतात. मनुस्मृतीतल्या त्या एका श्लोकासारखं.

आणखी एक. आमच्या भागात कुणाचं म्हणणं ऐकलं की पहिला प्रश्न असतो, हा कुणाचा? म्हणजे जात कोणती, पक्ष कोणता. त्यावरून म्हणणं खरं की खोटं ते ठरतं. कुरुंदकर ब्राह्मण घरात जन्मले आणि मनुस्मृतीच्या विरोधात बोलले, समाजवादी असून समाजवाद्यांना टोचले, गांधींना मानून गांधींचीही चिकित्सा केली. त्यांना कुठल्या रकान्यात बसवावं, हे लोकांना कळायचं नाही. बोलणाऱ्याचा हितसंबंध बघू नये असं नाही, तो बघावाच, सावध राहायला उपयोगी पडतो. पण हितसंबंध सापडला म्हणून मुद्दा खोडला गेला, असं होत नाही. मुद्दा तिथंच उभा राहतो.

१० फेब्रुवारी १९८२ला औरंगाबादला एका कार्यक्रमात ते बोलायला उभे राहिले आणि व्यासपीठावरच हृदयविकारानं गेले. वय एकोणपन्नास. नांदेडमध्ये त्या दिवशी काय झालं ते आमच्या वडिलांकडून ऐकलंय. बातमी आली तेव्हा बरेच जण म्हणाले, अफवा असेल. खात्री करायला लोक पीपल्स कॉलेजकडं चालत निघाले.

ह्या वेळी जाताना मी घरातली श्रीमान योगीची जुनी प्रत पिशवीत टाकली होती. कादंबरी वाचायला भाच्याला वेळ नाही, ते मलाही कळतं. म्हणलं, नुसती प्रस्तावना वाच. परीक्षेला येणार नाही. त्यानं रिझनिंगच्या पुस्तकाखाली ठेवून दिली. मला वाटलं, राहील तशीच.

परवा रात्री त्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक नवा मजकूर टाकला, महाराजांबद्दलचाच, मोठ्या मोठ्या दाव्यांचा. खाली पंधरा-वीस जणांनी हात जोडले होते. त्यानंतर भाच्याचा एक ओळीचा प्रश्न, काका, हे कुठल्या बखरीत किंवा पत्रात आहे, नाव सांगता का? त्यावर काकांनी त्याला विचारलं, परीक्षेचं काय झालं, निकाल लागला का?

निकाल पुढच्या महिन्यात आहे.